परड्यातली भाजी आणि न बोलावलेले पाहुणे

(मंडळाच्या श्रावणातील कौटुंबिक मेळाव्यात झालेल्या भाषणाचे शब्दांकन)



मी काही शेतकी शास्त्रज्ञ नव्हे. प्राथमिक शाळेत तेहेतीस वर्षं शिकवलं, आणि उरलेला वेळ घराच्या मागच्या परड्यात घालवला. माझं माहेर निपाणी आणि सासर बेळगाव. त्यामुळे दोन मातींशी भांडण्याचा अनुभव आहे, एवढंच माझं भांडवल. सेक्रेटरी घरी आले आणि म्हणाले, "बाई, यंदा बागकामावर बोला. पुस्तकातलं नको, आपल्या इथलं सांगा." ते मला पटलं, म्हणून आज उभी आहे.

पुस्तकातलं नको असं का, ते आधी सांगते. बागकामाची पुस्तकं आपण पुण्याहून आणतो. व्हिडिओ बघतो ते कुणी नागपूरचा, कुणी केरळचा. त्यात लिहिलेलं असतं, अमुक महिन्यात टोमॅटो लावा. आपण लावतो आणि आठ दिवसांत रोपं माना टाकतात. मग आपण म्हणतो, "माझ्या हाताला गुणच नाही." हाताचा दोष नसतो. आपलं हवामानच वेगळं आहे.

बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे अडीच हजार फुटांवर आहे. जुनी माणसं याला गरिबांचं महाबळेश्वर म्हणायची. एप्रिलात दुपारी ऊन पस्तिशी ओलांडतं, पण संध्याकाळी पश्चिमेचा वारा सुटतो. पावसाळ्यात झड लागली की आठ-आठ दिवस सूर्य दिसत नाही. खानापूर-जांबोटीकडं तर विचारायलाच नको. तिथून चिकोडीच्या पुढं अथणीकडं गेलात, तर तिथं लोक ढगाकडं डोळे लावून बसलेले असतात. निपाणी या दोन्हींच्या मध्ये. म्हणजे एकाच जिल्ह्यात तीन हवामानं. म्हणून पहिली गोष्ट अशी, की शेजाऱ्याचं परडं बघा आणि पुस्तक नंतर उघडा.

मातीचंही तसंच. बेळगावात टिळकवाडी, शहापूर, अनगोळ या बाजूला पुष्कळ ठिकाणी तांबडी माती. पाणी घातलं की झिरपून जातं आणि पावसाच्या माऱ्यात खताचा कसही वाहून जातो. या मातीला सारखं खायला घालावं लागतं: शेणखत, पालापाचोळा, घरचं कंपोस्ट. एकदम पाटीभर घालून वर्षभर विसरायचं नाही, दर दोन महिन्यांनी थोडं थोडं घालायचं. निपाणीची माती काळी. तिला खाण्याची ददात नाही, पण पाणी धरून ठेवते. पावसाळ्यात मुळं कुजतात, उन्हाळ्यात भेगा पडतात. तिथं वाफे जमिनीपासून वीतभर उंच करावेत आणि रोपं त्यावर लावावीत. लग्न होऊन बेळगावात आले तेव्हा माहेरच्या सवयीनं मी मिरचीला दोन दिवसांनी पाणी घालत होते, आणि ती वाळून गेली. सासूबाई म्हणाल्या, "अगो, ही तुझी निपाणी नव्हे, इथं पाणी राहत नाही." तो माझा पहिला धडा.

आता वर्षाचा फेरा बघू. मी महिन्यांवरून सांगत नाही, सणांवरून सांगते. आपल्या बायकांचं कॅलेंडर तेच आहे, आणि परड्याच्या परीक्षा सणालाच होतात.

पहिली परीक्षा ऋषिपंचमी. गणपती बसला की दुसऱ्या दिवशी. या दिवशी बैलाच्या कष्टाचं खायचं नाही असा नियम. नांगरलेल्या शेतातलं धान्य चालत नाही. हातानं लावलेलं, हातानं खुरपलेलं, तेवढंच पानात. म्हणजे काय? परड्यातलं! अळू, माठ, भेंडी, दोडका, पडवळ, लाल भोपळा, सुरण, मक्याचं कणीस. आपल्या आज्यांनी परसबागेचाच एक सण करून ठेवला आहे, असं मला नेहमी वाटतं. आज आपण ऋषीची भाजी करायला बाजारातून एक-एक फोड विकत आणतो. कुणाच्या शेतात ट्रॅक्टर फिरला आणि त्यावर काय फवारलं, कुणाला ठाऊक. व्रत पाळलं की मोडलं ते ऋषीच जाणोत.

ही भाजी भाद्रपदात हवी असेल, तर बी मृगात पडायला हवं. जूनच्या सात-आठ तारखेला मृग नक्षत्र निघतं. वळवाचे एक-दोन पाऊस झाले की वाफे खणून ठेवायचे, आणि मृगाचा पहिला पाऊस जिरला की भेंडी, दोडका, पडवळ, कारलं, काकडी टोकायची. वेलांना मांडव आधी घालायचा. वेल वर आल्यावर मांडवाची शोधाशोध केली, की निम्मा वेल हातात तुटून येतो. मिरची-वांग्याची रोपं उंच वाफ्यावर किंवा कुंडीत करायची आणि झडीत त्यांवर आडोसा धरायचा. नाहीतर रोपं बुडाशी कुजून एका रात्रीत आडवी होतात. दाट पेरलं आणि पाणी तुंबलं की हे हमखास होतं.

वळीव पडला, की संध्याकाळी दिव्याभोवती तपकिरी भुंगेरे येतात. पोरं ते काडेपेटीत धरतात. ते हुमणीचे भुंगेरे. उसवाल्यांना विचारा, हुमणी काय करते ते. हे भुंगेरे रात्री कडुलिंब-बाभळीचा पाला खातात आणि मातीत अंडी घालतात. पुढं त्या पांढऱ्या जाड अळ्या मुळं खातात आणि झाड उभ्याउभ्या वाळतं. तेव्हा औषध शोधण्यात अर्थ नसतो. मे-जूनच्या त्या चार संध्याकाळी दिव्याखाली घमेल्यात साबणाचं पाणी ठेवायचं, भुंगेरे त्यात पडतात. एक मादी गेली, की तिची सगळी अंडी गेली. शेणखतही पूर्ण कुजलेलंच घालावं. कच्च्या खतातून हुमणी आपणच घरी आणतो.

पावसाळ्यातला दुसरा पाहुणा गोगलगाय. "गोगलगाय आणि पोटात पाय" असं आपण माणसाला म्हणतो, पण खरी गोगलगाय वाफ्यात शिरली की कोवळी रोपं सकाळपर्यंत नाहीशी होतात. ती मोठी शंखाची गोगलगाय मुळात आफ्रिकेतली. एकोणिसाव्या शतकात कलकत्त्यात आणून सोडली आणि हळूहळू देशभर पसरली. तिच्यासाठी संध्याकाळी गोणपाट ओलं करून वाफ्याकडेला पसरायचं, खाली कोबीची चार पानं. सकाळी गोणपाट उचललं की सगळी मंडळी खाली जमलेली असतात. त्यांना उघड्या हातानं उचलू नका. तिच्या अंगात माणसाला अपाय करणारे जंतू असू शकतात. हातात पिशवी घालून उचला आणि मिठाच्या नाहीतर साबणाच्या पाण्याच्या बादलीत टाका. मीठ बादलीतच. काहीजणी वाफ्यावर मीठ टाकतात. गोगलगाय मरते, आणि वाफाही मरतो.

वेल फळाला आला की फळमाशी येते. काकडीवर, दोडक्यावर बारीक टोचल्याची खूण दिसते, तिथं फळ वाकडं होतं, आणि कापलं की आत अळ्या. माशी फळाच्या आत अंडी घालते, मग वरून काहीही मारलं तरी आतल्या अळीला ते पोचत नाही. फळ बोटाएवढं असतानाच त्याला कागदाची नाहीतर जुन्या पातळाची सैल पिशवी बांधा. गळलेली, किडकी फळं उकिरड्यावर टाकू नका. पाण्याच्या बादलीत बुडवा नाहीतर दोन फूट खोल पुरा. आपण सगळे चुकतो ते इथंच. किडकं फळ कुंपणापलीकडं टाकतो आणि दहा-बारा दिवसांत त्याच माशा परत आपल्याकडं येतात. वेलभाज्यांसाठी गंधाचे सापळे कृषी दुकानात मिळतात. आंबा-पेरूच्या माशीला तुळशीचा वास ओढतो. तुळशीची पानं ठेचून नारळाच्या करवंटीत ठेवा आणि बघा, कशा माशा जमतात.

भेंडीची पानं पिवळी जाळीदार झाली, की आपण म्हणतो खत कमी पडलं. खत कमी नाही, तो केवडा रोग. त्याचा विषाणू पांढरी माशी एका झाडावरून दुसऱ्यावर नेते. रोगट झाड बरं होत नाही, उपटूनच टाकायचं. माया करू नये. बी घेतानाच जात बघून घ्यावी. परभणीच्या कृषी विद्यापीठाची परभणी क्रांती आणि बेंगळुरूच्या फलोद्यान संस्थेची अर्का अनामिका या जाती केवड्याला तोंड देण्यासाठीच काढलेल्या आहेत. पिवळ्या पत्र्याला एरंडेल फासून काठीवर लावलं, की पांढरी माशी आणि मावा त्याला चिकटतो.

दुसरी परीक्षा भोगी. हस्ताचा पाऊस सरला, चित्रा लागली, की आपल्या भागातला बागेचा सगळ्यात चांगला काळ सुरू होतो. दसऱ्याच्या सुमाराला वाफे पुन्हा खणा. मेथी, कोथिंबीर, पालक, मुळा, गाजर, मटार, टोमॅटो, वांगी, कोबी आणि आपला लाडका पावटा. संक्रांतीच्या आदल्या दिवशी भोगीच्या भाजीला पावटा, गाजर, वांगं, घेवडा घरचा निघाला, तर त्या बाजरीच्या भाकरीला वेगळीच चव असते.

या दिवसांत ढगाळ हवा पडली की पावट्यावर मावा आलाच. शेंड्यांवर काळी काजळी माखल्यासारखी दिसते. आमच्या आजी सकाळी दव असताना चुलीतली राख चाळून फुंकायच्या, आणि बऱ्याच अंशी काम व्हायचं. आता चुली नाहीत. पाण्याचा जोराचा फवारा मारा, शेंडे खुडा, आणि खुडण्यापूर्वी नीट बघा. माव्यात लाल पाठीवर काळे ठिपके असलेला ढालकिडा फिरताना दिसेल. तो आणि त्याची काळी, मगरीसारखी दिसणारी अळी, दोघंही मावा खातात. बऱ्याचजणी त्या अळीलाच कीड समजून मारतात. मीसुद्धा कित्येक वर्षं मारली.

वांग्याचा शेंडा मान टाकतो तेव्हा आत अळी असते. शेंडा खालून दोन बोटं कापून नष्ट करायचा. आठवड्यातून दोनदा हे केलं तर फळं वाचतात. टोमॅटोच्या पानावर नागमोडी पांढऱ्या रेघा म्हणजे नागअळी. २०१४ साली पुणे भागात टोमॅटोवर एक नवी परदेशी नागअळी सापडली, ती फळालाही भोकं पाडते. रेघा असलेली पानं लगेच काढून टाका. टोमॅटोच्या ओळीत झेंडू लावा. फळं पोखरणारी अळी झेंडूकडं ओढली जाते, आणि दसऱ्या-दिवाळीला फुलंही घरची होतात.

मिरचीचं पान आवळून वाटीसारखं झालं की आपण बोकड्या म्हणतो. पान वर वळलं तर बहुधा फुलकिडे, खाली वळलं तर कोळी. पानाच्या मागं पांढऱ्या कागदावर टिचकी मारून बघा, हलणारे ठिपके पडतात. संकेश्वरी मिरचीचा मुलूख आपला. निदान दोन झाडं तरी कुंडीत हवीत.

तिसरी परीक्षा चैत्रगौर. उन्हाळ्यात फार पसारा नको. गवार, तांबडा माठ, चार पालेभाज्या, आणि झाडांच्या बुडाशी पालापाचोळ्याचं जाड पांघरूण. तांबड्या मातीत ते फार लागतं. पाणी सकाळी लवकर नाहीतर संध्याकाळी. या दिवसांचा पाहुणा पिठ्या ढेकूण, त्याच्याकडं मी शेवटी येते, कारण तो थेट गणपतीच्या जास्वंदीवर बसतो.

मधे एक घरची गोष्ट सांगायची आहे. ती सांगताना मला अजून लाज वाटते, पण आज त्याचसाठी आले आहे.

आम्ही निपाणीचे. निपाणी म्हणजे तंबाखू. आमच्या लहानपणी गावात शिरलं की वखारींचा वास नाकात बसायचा. तंबाखूनं कित्येक घरं उभी केली, आणि त्याच तंबाखूच्या भावासाठी १९८१ साली शरद जोशींच्या नेतृत्वाखाली शेतकरी पुणे-बेंगळुरू महामार्गावर बसले, गोळीबार झाला, माणसं गेली. इथं बसलेल्या कित्येकांनी ते डोळ्यांनी पाहिलं आहे. सांगायचं ते हे, की तंबाखू आम्हाला परकी नव्हे, ती घरातली. आणि घरातल्या गोष्टीची भीती वाटत नाही.

लग्नानंतर चार-पाच वर्षांनी पावट्यावर मावा आला. मी माहेराहून तंबाखूचा चुरा मागवला, घरातल्याच एका पातेल्यात उकळला, आणि केरसुणीनं ते पाणी शिंपडलं. उघड्या हातांनी, वाऱ्याच्या तोंडाला. निम्मं पाणी माझ्याच अंगावर आलं. अर्ध्या तासात डोकं गरगरायला लागलं, मळमळ, उलट्या, हातपाय गार. ह्यांनी रिक्षात घालून डॉक्टरांकडं नेलं. डॉक्टरांनी विचारलं, "काय खाल्लं?" मी म्हटलं, "काही नाही, फक्त झाडांना घरगुती औषध मारलं." ते म्हणाले, "बाई, हे घरगुती नव्हे. हे निकोटीन आहे, ते कातडीतूनसुद्धा अंगात जातं." दोन दिवसांनी बरी झाले. पण घरात लहान मुलगी होती, ते पातेलं मोरीत होतं, आणि पावटा दुसऱ्या दिवशी तोडणार होतो. तोडला असता तर काय झालं असतं, हा विचार अजून रात्री येतो.

पुढं वाचनात आलं, की निकोटीन सल्फेट हे कीटकनाशक वापरायला आपल्या सरकारनं १९९२ मध्येच बंदी घातली आहे. तेच आपण पातेल्यात उकळून घरी बनवतो आणि त्याला सेंद्रिय म्हणतो! म्हणून माझी हात जोडून विनंती आहे, की तंबाखूचं पाणी फवारू नका. झाडापासून झालं म्हणजे निरुपद्रवी, असं नसतं. मधमाशा आणि ढालकिडेही त्यानं मरतात.

तंबाखूची दुसरी गोष्ट याहून गमतीची आहे. आमच्या माहेरी टोमॅटो कधी नीट आला नाही. पानं हिरवी-पिवळी चट्ट्यापट्ट्यांची, बारीक, दोऱ्यासारखी. आई म्हणायची, दृष्ट लागली. तिनं लिंबू-मिरचीसुद्धा बांधली. खरं कारण असं, की तंबाखू, टोमॅटो, मिरची, वांगी ही सगळी एकाच कुळातली. तंबाखूवर एक विषाणू येतो, पानं चट्टेरी करणारा. १८९२ मध्ये रशियात इव्हानोव्हस्की या शास्त्रज्ञाला, आणि १८९८ मध्ये हॉलंडात बायजेरिंकला या रोगाचा अभ्यास करतानाच कळलं, की जंतूंहूनही बारीक असं काहीतरी आहे. जगाला विषाणूची पहिली ओळख झाली ती तंबाखूच्या पानावरून. हा विषाणू वाळलेल्या तंबाखूतही वर्षानुवर्षं जिवंत राहतो. बिडीत, मळलेल्या चिमटीत, बोटांवर. आमच्या घरी सगळे तंबाखूत हात घालून आलेले, आणि त्याच हातांनी टोमॅटोची बगलफूट काढायची. दृष्ट आमच्याच बोटांत होती!

तेव्हा घरात कुणी तंबाखू मळत असेल, विडी ओढत असेल, तर मिरची-टोमॅटोला हात लावण्याआधी साबणानं हात स्वच्छ धुवायला सांगा. चट्टेरी झाड दिसलं तर उपटा, आणि ते उपटलेल्या हातांनी दुसऱ्या झाडाला शिवू नका. मी आमच्या ह्यांना सांगितलं, "एक तर तंबाखू सोडा, नाहीतर माझ्या टोमॅटोला शिवू नका." त्यांनी टोमॅटोला शिवणं सोडलं. (हशा) पुढं दोन वर्षांनी तंबाखूही सोडली, ते श्रेय मी टोमॅटोला देते.

मग करायचं काय? माझा क्रम असा आहे. आधी बघायचं. रोज सकाळी चहाचा कप हातात घेऊन दहा मिनिटं, पानं उलटी करून. कीड लहान असते तेव्हा दोन बोटं पुरतात. दुसरं, हातानं काढणं, खुडणं, पाण्याचा जोराचा फवारा. तिसरं, निंबोळी. आपल्याकडं कडुलिंब आहे, निंबोळ्या पावसाच्या तोंडाशी पिकतात. त्या गोळा करून सावलीत वाळवा. पन्नास ग्रॅम निंबोळीचा गर ठेचून लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवा, फडक्यातून गाळा, चिमूटभर साबण घाला आणि संध्याकाळी फवारा. उन्हात नको, त्याचा गुण जातो. हाही अर्क आहे, तेव्हा नाकाला पदर बांधा आणि भाजी दोन-तीन दिवसांनी धुऊनच खा. निंबोळीनं कीड जागच्या जागी पटापट मरत नाही, तिचं खाणं आणि वाढ थांबते. आठवडाभर धीर धरावा लागतो.

आणि चौथं, अगदीच गरज पडली तर दुकानातलं औषध. ते घेताना डब्यावरचा रंगीत चौकोन बघा. लाल म्हणजे अतिविषारी, त्याखालोखाल पिवळा, मग निळा, शेवटी हिरवा. लाल-पिवळा घरात आणूच नका. औषध कधीही शीतपेयाच्या बाटलीत ओतून ठेवू नका. लहान मूल रंग बघतं, चिठ्ठी वाचत नाही. आणि फवारल्यापासून किती दिवस भाजी तोडायची नाही, हे डब्यावर छापलेलं असतं, ते चष्मा लावून वाचा. शंका असेल तर विचारायला जागा आहेत. निपाणीत धारवाड कृषी विद्यापीठाचं संशोधन केंद्र आहे, गोकाकजवळ अरभावीला फलोद्यान महाविद्यालय आहे. तिथं रोगट पान पिशवीत घालून न्यावं. आपण पेशंटला घेऊन डॉक्टरकडं जातो, आणि पान घरी ठेवून दुकानदाराला तोंडी वर्णन सांगतो. मग तो देईल ते औषध.

आता जास्वंद. उन्हाळ्यात शेंड्यांवर पांढरा कापूस चिकटल्यासारखा दिसतो तो पिठ्या ढेकूण. कळ्या गळतात, पानं मुडपतात. त्याच्याबरोबर मुंग्यांची रांग दिसेल. ढेकणाच्या अंगातून गोड चिकटा निघतो, मुंग्या तो खातात आणि बदल्यात ढेकणाची राखण करतात, त्याला झाडभर हिंडवतात. म्हणून आधी मुंग्यांची वाट तोडा. बुंध्याला कापडाची पट्टी बांधून त्यावर एरंडेल किंवा ग्रीस लावा. ढेकणांवर स्पिरिटमध्ये बुडवलेला कापूस फिरवा, मग साबणाच्या पाण्याचा फवारा. आणि वैशाखाच्या शेवटी, मृगाआधी, जास्वंद छाटा. छाटलेल्या फांद्या पिशवीत बांधून टाका, उघड्यावर नको. मृगाच्या पावसानं नवी फूट येते, त्याच फुटीवर कळ्या येतात, आणि बाप्पा येईपर्यंत झाड लाल होतं.

पिठ्या ढेकणाचीच एक मोठी गोष्ट. २००८ साली कोईमतूरकडं पपईवर परदेशातून आलेला एक पिठ्या ढेकूण दिसला, आणि बघता बघता दक्षिणेतल्या बागाच्या बागा पांढऱ्या पडल्या. लोकांनी औषधांचे डबेच्या डबे ओतले, काही होईना. मग २०१० मध्ये बेंगळुरूच्या संस्थेनं पोर्तो रिको बेटावरून एक गांधीलमाशीच्या जातीचा चिमुकला कीटक आणला, टाचणीच्या डोक्याहून लहान. तो त्या ढेकणाच्या अंगातच अंडी घालतो. थोड्याच दिवसांत ढेकूण आटोक्यात आला. ज्यांनी औषधं मारणं थांबवलं नाही, त्यांच्या बागेत हा मित्रही जगला नसता. नारळाच्या पानांवर २०१६ पासून चक्राकार पांढरी माशी येते, खालच्या पानांवर काजळी जमते, तिच्यावरही असाच एक मित्रकीटक आपणहून काम करतो. फवारण्याची घाई करू नका, हे म्हणते ते यासाठी.

लिंबाच्या, कढीपत्त्याच्या झाडावर पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसणारी अळी येते, मोठी झाली की हिरवी होते. ती पानं खाते हे खरं. पण तिचं फुलपाखरू होतं. मी झाडाची एक फांदी तिच्यासाठी सोडते, बाकीच्या अळ्या उचलून त्याच फांदीवर ठेवते. नातू सुट्टीत आला की कोश फुटताना बघतो. मोबाईल बाजूला ठेवून पाऊण तास एका जागी बसलेला मी त्याला फक्त तेव्हाच पाहिला.

इथल्या कन्नड शेजारणी एक म्हण सांगतात, "हित्तल गिड मद्दल्ल". परड्यातलं झाड औषध ठरत नाही, म्हणजे घरच्या गोष्टीची किंमत नसते. आमच्या गल्लीत मी आले तेव्हा अकरा परडी होती. आता तीन आहेत. बाकीच्या ठिकाणी मजले चढले. मी कुणाला दोष देत नाही, मुलांना जागा हव्या असतात. पण परडं गेलं की फक्त भाजी जात नाही. गणपतीच्या पत्री ओळखणारी माणसं जातात. गेल्या वर्षी एका सुशिक्षित मुलीनं मला दुर्वा म्हणून हरळीसारखं दिसणारं भलतंच गवत आणून दिलं. तिची चूक नाही. तिला कुणी दाखवलंच नव्हतं.

म्हणून शेवटी तीन गोष्टी मागते. यंदा घरोघरी निघणारं निर्माल्य नदीत, विहिरीत टाकू नका. दोरे, प्लास्टिक, थर्माकोल बाजूला काढा, आणि फुलं-पानं एका जुन्या बादलीत, तळाला भोकं पाडून, थर-थर कोरड्या पाचोळ्यासह भरा. अधूनमधून हलवा. दिवाळी उलटून गेल्यावर भुसभुशीत खत मिळेल. मूर्ती शाडूची असेल तर घरीच बादलीत विसर्जन करा, ती माती थोडी थोडी कुंडीच्या मातीत मिसळा. फार नको, ती चिकट असते. दुसरी गोष्ट, गच्चीवर का होईना, एक कुंडी दुर्वांची आणि एक जास्वंदीची ठेवा. आणि तिसरी, चांगल्या दोडक्याचं, पावट्याचं, भेंडीचं एकेक फळ झाडावरच पिकू द्या, बी काढून राखेत घोळवून ठेवा. पुढच्या मेळाव्याला इथं येताना चिमूटभर बी घेऊन या. मी निपाणीच्या आईच्या पावट्याचं आणते. आई गेली त्याला बारा वर्षं झाली, तो पावटा मात्र दरसाल उगवतो.

बाप्पाच्या आगमनाच्या शुभेच्छा. गणपती बाप्पा मोरया!